पहारेकरीच फितूर झाला तर?

किल्ल्याची तटबंदी कितीही भक्कम असो, दरवाजावरचा पहारेकरी एकदा फितूर झाला की ती मातीमोल ठरते. रात्री शत्रूचा माणूस आत घेतला जातो आणि सकाळी किल्लेदाराने चौकशी केली, तर तोच पहारेकरी मुजरा करून सांगतो, "रात्रभर चिटपाखरू आले नाही, सरकार!" किल्लेदाराने हाच प्रश्न दहा वेळा विचारला, दरडावून विचारला, तरी उत्तर तेच येणार. मग किल्लेदाराने खरे काय ते शोधावे कसे?

विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न केवळ इतिहासातला नाही. तुमच्या घरी टेबलावर जो संगणक आहे, त्याच्या बाबतीत तो रोजच उभा राहतो. संगणकात एखादी हेरगिरी करणारी आज्ञावली लपून बसली आहे काय, हे आपण कोणाला विचारतो? संगणकालाच! आणि त्या हेराने संगणकाचा पहारेकरीच फितवला असेल, तर पडद्यावर उत्तर उमटते: 'सर्व काही ठीक आहे.'

अशा फितुरीचा छडा लावण्याची एक युक्ती आहे. ती संगणकतज्ज्ञांनी वापरली खरी; पण मुळात ती आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतलीच आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. ती युक्ती काय, हे आपण या लेखात पाहू.

हेर करतो तरी काय?

प्रथम हेराची ओळख करून घेऊ. संगणकातील सर्वच घातक आज्ञावली हेर नसतात. काही फाइली नष्ट करतात, काही फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतात. त्यांचे अस्तित्व लवकरच उघड होते. हेराचे तसे नसते. कोणाचेही काही न बिघडवता गुपचूप बसून राहणे, हाच त्याचा धर्म. कळफलकावर तुम्ही कोणत्या कळी दाबता, पडद्यावर काय दिसते, फाइलींत काय आहे, याची तो नोंद घेतो. काही हेर कॅमेरा व ध्वनिग्राहकही वापरतात. जमवलेली माहिती इंटरनेटवरून आपल्या धन्याकडे पाठवणे हे त्याचे दुसरे काम.

कळींची नोंद म्हणजे काय, हे नीट लक्षात घ्या. तुमच्या वडिलांनी बँकेचा परवलीचा शब्द टंकला, ताईने मैत्रिणीला पत्र लिहिले, आईने दवाखान्याचा अहवाल शोधला, हे सारे कोणा परक्याच्या हाती जाते. पत्र पाकिटातून चोरले तर पाकीट फाटलेले दिसते. येथे मात्र पाकीट जसेच्या तसे राहते.

ग्रंथालयाचे उदाहरण

आता हेर लपतो कसा, ते पाहू. संगणकाच्या एखाद्या फोल्डरवर तुम्ही दोनदा टिचकी मारता आणि आतील फाइलींची यादी दिसते. आपल्याला वाटते, आपण डिस्कच पाहिली. वास्तविक आपण डिस्क पाहिलेलीच नसते!

एक उदाहरण घेऊ. तुमच्या गावच्या ग्रंथालयात पुस्तकांची कपाटे आतल्या खोलीत आहेत आणि वाचकांना आत प्रवेश नाही, अशी कल्पना करा. तुम्ही खिडकीशी चिठ्ठी देता, शिपाई आत जातो, पाहून येतो आणि सांगतो, "खगोलशास्त्राची अकरा पुस्तके आहेत." ती अकरा आहेत की बारा, हे तुम्हाला केवळ शिपायाच्या सांगण्यावरून कळते.

संगणकातही अशीच साखळी असते. यादी दाखवणारी आज्ञावली खिडकीशी चिठ्ठी देते. ही चिठ्ठी कार्यकारी प्रणालीच्या गाभ्याकडे जाते. कार्यकारी प्रणाली म्हणजे विंडोज, लिनक्स यांसारखी संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली. तिच्या गाभ्यात एक तक्ता असतो: अमुक प्रकारची चिठ्ठी आली की अमुक ठिकाणचे काम सुरू करावे. त्याप्रमाणे डिस्क वाचली जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत खिडकीशी येते.

आता एखाद्या लबाडाने या तक्त्यातील एक पत्ता बदलला तर? चिठ्ठी आधी लबाडाकडे जाईल. तो ती खऱ्या शिपायाकडे देईल, उत्तर घेईल, त्यातले आपले नाव तेवढे खोडेल आणि उरलेली यादी अगदी अदबीने तुमच्या हाती ठेवील. बारा पुस्तकांची अकरा होतील. अँटिव्हायरस आज्ञावलीही त्याच खिडकीशी चिठ्ठी देत असेल, तर तिलाही अकराच दिसतील. जे दिसतच नाही, ते ती तपासणार कशी?

अशा लपवालपवीच्या साधनसंचाला 'रूटकिट' म्हणतात. युनिक्स नावाच्या कार्यकारी प्रणालीत सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याला 'रूट' असे नाव आहे आणि 'किट' म्हणजे अवजारांची पेटी. सर्वाधिकार मिळवून ते गुपचूप टिकवून ठेवण्याची ही पेटी, असा त्या शब्दाचा अर्थ.

लॉर्ड रॅले यांचा नायट्रोजन

क्षणभर संगणक बाजूला ठेवू आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत जाऊ. लॉर्ड रॅले हे भौतिकशास्त्रज्ञ वायूंची घनता मोजत होते. नायट्रोजन त्यांनी दोन वाटांनी मिळवला. एका वाटेने हवेतून ऑक्सिजन व इतर ज्ञात घटक काढून टाकले आणि जे उरले तो नायट्रोजन घेतला. दुसऱ्या वाटेने अमोनियासारख्या संयुगांतून नायट्रोजन वेगळा केला. दोन्ही वायू एकच. तेव्हा घनताही एकच यावयास हवी. पण हवेतल्या नायट्रोजनाच्या एका लिटरचे वजन सुमारे १.२५७ ग्रॅम भरले आणि संयुगातल्याचे सुमारे १.२५१ ग्रॅम.

फरक अवघा अर्धा टक्का! दुसरा कोणी असता तर 'प्रयोगातील त्रुटी' म्हणून सोडून देता. रॅले यांनी तो सोडला नाही. पुन्हा पुन्हा मोजले, तरी फरक कायम राहिला. मग त्यांनी व विल्यम रॅमसे यांनी शोध घेतला आणि १८९४ साली हवेत लपून बसलेला एक नवा वायू सापडला. तो म्हणजे अरगॉन. हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे. माणूस हजारो वर्षे तो श्वासाबरोबर आत घेत होता, पण कशाशीही संयोग पावत नसल्यामुळे तो कोणाला दिसला नव्हता. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे व रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेतील युक्ती ध्यानात आली का? एकच राशी दोन स्वतंत्र वाटांनी मोजा. उत्तरे जुळली नाहीत, तर त्या फरकात काहीतरी दडलेले आहे. अरगॉनला जाऊन 'तू आहेस काय?' असे विचारावे लागले नाही. दोन उत्तरांतील विसंगतीनेच त्याची चुगली केली.

गाण्याच्या तबकडीतला पाहुणा

आता पुन्हा संगणकाकडे येऊ. मार्क रसिनोविच हे अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ. विंडोज प्रणालीच्या अंतरंगाचा त्यांचा अभ्यास दांडगा. त्यांनी व ब्राइस कॉग्झवेल यांनी २००५ च्या आरंभी 'रूटकिट रिव्हीलर' नावाची एक छोटी आज्ञावली तयार केली. तिचे काम ऐकाल तर तुम्हाला रॅलेंचा प्रयोगच आठवेल.

ही आज्ञावली फाइलींची यादी दोनदा तयार करी. एक यादी नेहमीच्या वाटेने, म्हणजे खिडकीशी चिठ्ठी देऊन. दुसरी यादी मात्र शिपायाला न विचारता. डिस्कवर प्रत्येक फाइलीची नोंद ठेवणारा एक मूळ तक्ता असतो, ग्रंथालयातल्या दाखलवहीसारखा. ही आज्ञावली डिस्कवरचे कच्चे बाइट वाचून तो तक्ता स्वतः उलगडी. मग दोन याद्या शेजारी ठेवून मेळ घाली. दाखलवहीत आहे, पण शिपायाच्या यादीत नाही, असे नाव निघाले की ते संशयित. ग्रंथपाल वर्षातून एकदा ग्रंथालय बंद ठेवून पुस्तकांची मोजदाद करतात ना, तसाच हा प्रकार.

ऑक्टोबर २००५ मध्ये रसिनोविच यांनी ही आज्ञावली स्वतःच्याच एका संगणकावर चालवली. आणि काय आश्चर्य! एक लपलेला फोल्डर, लपलेले ड्रायव्हर आणि एक लपलेली चालू आज्ञावली, अशी विसंगती पुढे आली. रूटकिटवरच्या अधिकारी माणसाच्या संगणकात रूटकिट!

त्यांनी गाभ्यातील तक्ता उघडून पाहिला. काही पत्ते गाभ्याबाहेरच्या एका परक्या ड्रायव्हरकडे वळवलेले होते. त्या ड्रायव्हरचे यंत्रभाषेतील कामकाज वाचल्यावर त्याचा नियम उलगडला: ज्या नावाच्या आरंभी डॉलरचे चिन्ह, मग 'सिस' ही अक्षरे व पुन्हा डॉलरचे चिन्ह असेल, ते नाव यादीतून गाळायचे. आता अनुमान बरोबर की चूक, हे कसे ठरवावे? प्रयोग करून! त्यांनी विंडोजमधील 'नोटपॅड' या निरुपद्रवी आज्ञावलीची एक प्रत घेतली आणि तिच्या नावाआधी तीच अक्षरे जोडली. प्रत डोळ्यांदेखत यादीतून अदृश्य झाली. अनुमान सिद्ध झाले.

हा पाहुणा आला कोठून? लपलेल्या फाइलींवरच्या खुणांचा माग काढता काढता एका ब्रिटिश कंपनीचे नाव निघाले आणि तेथून 'सोनी बीएमजी' या बड्या संगीत कंपनीपर्यंत धागा गेला. रसिनोविच यांनी या कंपनीची गाण्यांची एक सीडी विकत घेऊन संगणकावर वाजवली होती. गाण्यांच्या प्रती काढण्यावर बंधन घालण्यासाठी सीडीबरोबर एक आज्ञावली संगणकात शिरे आणि कोणी तिला काढून टाकू नये म्हणून स्वतःला लपवून घेई. शिरताना दाखवलेल्या करारपत्रात या लपण्याचा उल्लेख नव्हता आणि ती काढून टाकण्याची सोयही दिलेली नव्हती. सीडी वाजत नसतानाही ती दर दोन सेकंदांनी संगणकात काय काय चालू आहे याची झडती घेई. रसिनोविच यांनी ती हाताने काढली, तेव्हा सीडी ड्राइव्हच संगणकाला दिसेनासा झाला! तोही त्यांना दुरुस्त करावा लागला.

३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांनी तारेवरून बाहेर जाणारी माहितीही तपासली. सीडीबरोबरची गाणी वाजवणारी आज्ञावली कंपनीच्या संगणकाशी संपर्क साधून कोणती तबकडी लावली आहे हे कळवत होती. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ही आज्ञावली कोणाचे परवलीचे शब्द चोरण्यासाठी लिहिलेली नव्हती. मग एवढा गहजब का झाला?

कारण तिने घराला चोरवाट पाडून ठेवली होती. तिचा नियम केवळ नाव पाही; नाव कोणाचे हे पाहत नसे. त्यामुळे कोणत्याही चोराने आपल्या आज्ञावलीच्या नावाआधी तीच अक्षरे जोडली की तो आयताच अदृश्य! आणि घडलेही तसेच. दहा-अकरा दिवसांतच त्या आडोशाचा फायदा घेणारी घातक आज्ञावली फिरू लागली. कंपनीने दिलेले आज्ञावली काढण्याचे साधनही सदोष निघाले. त्याने संगणकात नवेच भगदाड पडते, असे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले.

५२ वेगवेगळ्या गाण्यांच्या संचांच्या सुमारे ४७ लाख तबकड्या बाजारात गेल्या होत्या आणि त्यांतील सुमारे २१ लाख विकल्या गेल्या होत्या. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने त्या परत मागवल्या. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार नुकसान झालेल्या ग्राहकांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने मान्य केले.

प्रकरण ऐन रंगात असताना कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने नभोवाणीवर म्हटले होते की, बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, मग त्यांनी त्याची काळजी कशाला करावी! मित्रहो, हे विधान मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुम्ही विचारू नका, हा त्यातला युक्तिवाद. विज्ञान नेमके उलटे सांगते: ठाऊक नाही, म्हणूनच विचारा.

फरक दिसला म्हणजे चोर सापडला काय?

घाई करू नका. रूटकिट रिव्हीलरच्या यादीत पुष्कळदा अगदी निरागस फाइलीही येत. पहिली यादी करून दुसरी करेपर्यंत काही मिनिटे जात. मधल्या वेळात संगणकाने एखादी फाइल तयार केली किंवा पुसली, तर दोन याद्या जुळणार कशा? शिवाय डिस्कच्या व्यवस्थापनासाठी ठेवलेल्या काही फाइली विंडोज स्वतःच यादीत दाखवत नाही. भौतिकशास्त्राच्या भाषेत ही मापनातील त्रुटी झाली. म्हणून मोजणी पुन्हा करावयाची. दर वेळी वेगळा येणारा फरक बहुधा योगायोगाचा. दर वेळी तोच येणारा फरक विचार करण्यासारखा. रॅले यांनीही हेच केले होते.

उलट बाजूही पाहा. फरक न दिसणे म्हणजे हेर नसणे नव्हे. अधिक हुशार हेर डिस्कचे कच्चे बाइट वाचणाऱ्यालाही फसवू शकतो. संगणक चालू असताना तपास करणारा व लबाडी करणारा दोघेही एकाच घरात असतात, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

यावर उपाय सोपा आहे: साक्षीदार बाहेरून आणावा. संगणक बंद करून दुसऱ्या, स्वच्छ पेन ड्राइव्हवर साठवलेल्या कार्यकारी प्रणालीने सुरू केला, तर आतल्या डिस्कवरचा हेर जागाच होत नाही. तो नुसता बाइटांच्या रूपात पडून राहतो. झोपलेल्या चोराला खोटे बोलता येत नाही! विंडोजमधील 'डिफेंडर' या संरक्षक आज्ञावलीत 'ऑफलाइन स्कॅन' अशी सोय आहे, तिचे तत्त्व हेच. ती संगणक पुन्हा सुरू करते आणि नेहमीची विंडोज जागी होण्यापूर्वीच झडती घेते.

तरीही शंभर टक्के खात्री देता येईल काय? केन टॉम्पसन हे युनिक्सच्या जनकांपैकी एक. ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेले आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे व्याख्यान या विषयात फार गाजले. आज्ञावलीचा मजकूर पूर्ण निर्दोष दिसत असूनही तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधनच फितूर असेल, तर तिच्यात चोरदार कसे निर्माण होते, हे त्यांनी त्यात दाखवले. जे सर्वस्वी आपण स्वतः घडवलेले नाही, त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हा त्याचा मथितार्थ. म्हणून निराश होण्याचे कारण नाही. जितके स्वतंत्र साक्षीदार अधिक, तितकी सर्वांना एकाच वेळी फितवण्याची शक्यता कमी.

बाहेर जाणाऱ्या बाइटांचा हिशेब

असा आणखी एक साक्षीदार तुमच्या घरातच आहे: इंटरनेटची तार जेथे येते तो राउटर. हेराला माहिती बाहेर पाठवावीच लागते. आणि ती राउटरमधूनच जाते. अनेक राउटरांत किती बाइट आले-गेले याची मोजणी असते. संगणकातला हेर संगणकाला फितवील, पण राउटर हे वेगळे यंत्र आहे.

मात्र येथे थोडे गणित करू. समजा, तुम्ही मिनिटाला २०० कळी या वेगाने दिवसात ३ तास टंकन केले. एकूण कळी झाल्या २०० × ६० × ३ = ३६,०००. एका कळीस एक बाइट धरला, तर दिवसभराची सारी गुपिते ३६ हजार बाइटांत मावतात! मोबाइलने काढलेले एक साधे छायाचित्रही याच्या कितीतरी पट मोठे असते. आता कॅमेऱ्याचे चलच्चित्र सेकंदाला ५ लाख बिट या दराने जात आहे असे समजा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ६२,५०० बाइट. आणि ३ तासांचे ६७ कोटी ५० लाख बाइट. कळींच्या नोंदीच्या तुलनेत पावणेएकोणीस हजार पट!

यावरून काय कळते? कॅमेऱ्यातून पाहणारा हेर राउटरच्या मोजणीत उठून दिसेल. कळी टिपणारा हेर मात्र रोजच्या गोंगाटात सहज बुडून जाईल. तेव्हा कोणत्या हेरासाठी कोणते मापनयंत्र, याचा विचार आधी करावा लागतो. मैलाच्या दगडांनी कोणी केसाची जाडी मोजत नाही.

आमच्या महाविद्यालयातला एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी रडवेला होऊन माझ्याकडे आला. प्रकल्पाचा अहवाल त्याने बाहेरच्या एका दुकानात छापायला दिला होता. तेथून पेन ड्राइव्ह परत आणला, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा एक शॉर्टकट तेवढा उरला होता. चार महिन्यांची मेहनत गेली, असे त्याला वाटले.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "दिसणाऱ्या फाइलींची बेरीज किती?" ती काही हजार बाइट भरली. "आणि पेन ड्राइव्हवर व्यापलेली जागा किती?" ती दाखवत होती एक अब्ज बाइटांहून अधिक! "अरे, मग तुझा अहवाल गेला कोठे? तो आतच आहे." प्रयोगशाळेत लिनक्सवर चालणारा एक जुना संगणक होता. त्याला पेन ड्राइव्ह जोडला आणि सारे फोल्डर जसेच्या तसे समोर आले. त्यांच्या शेजारी एक अनोळखी फाइलही होती. तीच सारा उद्योग करणारी. तिने खऱ्या फोल्डरांवर 'लपवा' अशी खूण केली होती आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट मांडून ठेवले होते. शॉर्टकट उघडणाऱ्याला फोल्डर दिसे, पण त्याच टिचकीने ती फाइलही जागी होई. लिनक्सने विंडोजची ती खूण जुमानली नाही आणि बिंग फुटले.

एका साध्या बेरजेने चोर पकडला गेला, याचा त्या मुलाला इतका आनंद झाला, की अहवाल परत मिळाल्याचे तो क्षणभर विसरलाच.

तुम्ही करून पाहा

एक रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. विंडोजच्या संगणकावर त्यात दोन-चार लहान फाइली व एक मोठी, निदान ५ कोटी बाइटांची, चित्रफीत ठेवा. ती कोणत्याही फोल्डरमध्ये घालू नका. मोठ्या फाइलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'हिडन' या चौकटीत खूण करा. यादीतून ती नाहीशी होईल. लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू असली, तर ती आधी बंद करावी लागेल. आता मित्राला बोलवा. दिसणाऱ्या सर्व फाइली निवडून त्यांची बेरीज काढायला सांगा आणि पेन ड्राइव्हच्या व्यापलेल्या जागेशी ताडून पाहायला सांगा. थोडा फरक नेहमीच असतो, कारण डिस्कवरची जागा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत दिली जाते. पण ५ कोटींचा फरक त्याच्या नजरेतून सुटणार नाही. नंतर मोठ्या फाइलीऐवजी १० हजार बाइटांची फाइल लपवून हाच प्रयोग करा. आता ती बेरजेने सापडते का? का सापडत नाही? उत्तर वहीत लिहून शिक्षकांना दाखवा. शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर त्यावर हाच पेन ड्राइव्ह जोडून दोन्ही याद्यांचा मेळ घाला.

शेवटी थोडे घराविषयी. संगणकाची कार्यकारी प्रणाली वेळोवेळी अद्ययावत ठेवा. कोठलीही फुकटची आज्ञावली उतरवताना थांबून विचार करा. संशय बळावला, तर ऑफलाइन झडती घ्या. तरीही शंका राहिली, तर आपल्या फाइलींची प्रत काढून डिस्क पूर्ण पुसून प्रणाली नव्याने बसवणे हाच खात्रीचा मार्ग. परवलीचे शब्द मात्र दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदला. संशयित संगणकावरच नवा शब्द टंकला, तर तोही हेराच्या वहीत जाईल! आणि गंमत म्हणूनही मित्राच्या संगणकात अशी आज्ञावली घालू नका. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचा भंग आहे. आणि कायद्याचे सोडा, तो मैत्रीचाही भंग आहे. कोणी आपल्यावर नजर ठेवून आहे अशी भीती वाटली, तर एकट्याने झुरत न बसता आईवडिलांना किंवा विश्वासातल्या शिक्षकांना सांगा.

किल्लेदाराचा प्रश्न आता सुटला ना? त्याने पहारेकऱ्याला अकराव्यांदा दरडावू नये. त्याने कोठारातील धान्य स्वतः मोजावे, तटावरून बाहेरच्या वाटेवरची पावले पाहावीत, खालच्या गावात जाऊन रात्री कोणाची कुत्री भुंकली हे विचारावे. हे सारे पहारेकऱ्याच्या सांगण्याशी जुळले तर उत्तम. जुळले नाही, तर पुन्हा मोजावे. आणि फरक कायम राहिला, तर दरवाजावरचा माणूस बदलावा.